एका सालाची कहाणी : इसवी सन ६४२

गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला वय विचारून पाहा. तो सहसा आकडा सांगत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो," असे म्हणतो. नाहीतर "कोयनेचा भूकंप झाला त्या साली माझे लगीन झाले," असे सांगतो. त्याच्या लेखी साल म्हणजे आकडा नव्हे. त्या सालात जे घडले ते साल. हा हिशेब मोठा शहाणपणाचा आहे. फक्त त्याला एक कुंपण असते, गावशिवेचे. आपल्याकडे खडी फुटत होती त्याच महिन्यात समुद्रापलीकडे काय चालले होते, ते या हिशेबात येत नाही.

आपली इतिहासाची पुस्तकेही थोडीफार अशीच असतात. भारताचा धडा वेगळा, अरबस्तानचा वेगळा. कोरिया आणि जपान यांची तर बहुधा गाठच पडत नाही. प्रत्येक देशाचा धागा वरून खाली उभा सोडलेला. पण कोणताही विणकर तुम्हाला सांगेल, की नुसत्या उभ्या धाग्यांचे कापड होत नाही. त्यातून आडवा धागा घालावा लागतो. आज आपण असा एकच आडवा धागा घालून पाहू. साल घेऊ इसवी सन ६४२, आणि त्या सालाच्या बोटाला धरून जगाची एक फेरी मारू.

आधी एक गंमत सांगतो. ज्या साली हे सारे घडले, त्या साली त्याला ६४२ म्हणणारे लोक जगात फारच थोडे होते. आपल्या दख्खनमध्ये ते शक ५६४ होते. अरबांनी हिजरी सन नुकताच चालू केला होता, त्याचे ते एकविसावे वर्ष. इराणात राजा यज्दगर्द गादीवर बसल्याचे अकरावे साल लागत होते. चीनमध्ये सम्राट ताई-त्सुंग याच्या राजवटीचे सोळावे साल चालू होते. काळ एकच, पण मोजण्याची मापे निराळी. कुठे पायली, कुठे मण, तसेच.

फेरी घरापासून सुरू करू.

त्या काळी महाराष्ट्रावर राज्य होते बदामीच्या चालुक्यांचे. बदामीचे जुने नाव वातापी. ती आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. गादीवर होता दुसरा पुलकेशी. उत्तरेचा सम्राट हर्षवर्धन मोठे सैन्य घेऊन दक्षिणेत उतरू पाहत होता, त्याला नर्मदेवर अडवणारा हाच तो राजा. ऐहोळे येथील मेगुटीच्या जैन मंदिरावर रविकीर्ती नावाच्या कवीने शक ५५६ मध्ये, म्हणजे इ. स. ६३४ मध्ये, याच राजाची प्रशस्ती कोरून ठेवली आहे. तीन महाराष्ट्र आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावे त्याच्या सत्तेखाली होती, असे तीत सांगितले आहे.

अशा या राज्यात ६४१ च्या सुमारास एक परदेशी पाहुणा आला. अंगावर भिक्षूची वस्त्रे, मनात एकच ध्यास, बुद्धाचे ग्रंथ मुळातून मिळवायचे. हा चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग. नव्या पुस्तकांत त्याचे नाव युआन श्वांग असे छापतात. त्याने आपल्या लोकांविषयी काय लिहून ठेवले आहे, ऐका. तो म्हणतो, इथली जमीन सुपीक आहे आणि ती नीट कसलेली आहे. माणसे उंच, साधी, पण मानी. उपकार करणाराला ती विसरत नाहीत आणि अपमान करणाराला सोडत नाहीत. सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी कळवून, त्याला हत्यार घेऊ देऊन मग लढतात. संकटात कोणी हाक मारली तर स्वतःचा जीव विसरून धावतात. आणि लढाई हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न देता ते फक्त बायकी कपडे देतात; तेवढ्याने तो शरमून जीव देतो.

श्रोतेहो, हे वाचताना छाती फुगते, नाही का? पण पुढचे पान उलटू या.

पुलकेशीने पूर्वी कांचीच्या पल्लवांवर स्वारी करून राजा महेंद्रवर्मा याला त्याच्याच राजधानीच्या तटामागे कोंडले होते. महेंद्रवर्म्याच्या मुलाने, नरसिंहवर्म्याने, ते मनात ठेवले. पुलकेशी दुसऱ्यांदा चालून आला तेव्हा त्याने कांचीजवळच्या मणिमंगलम् आदी लढायांत त्याला मागे रेटले आणि पाठलाग करीत थेट वातापी गाठली. सिंहलद्वीपचा राज्याला मुकलेला राजपुत्र मानवम्म हा या वैरात नरसिंहवर्म्याच्या बाजूने लढला, असे सिंहली बखर सांगते. वातापी पडली. हे साल इतिहासकार ६४२ धरतात. यानंतर पुलकेशीचे नाव कुठेच आढळत नाही. या युद्धातच तो पडला असे मानतात. पल्लवांच्या एका ताम्रपटात म्हटले आहे, की पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्याने 'विजय' ही अक्षरे लिहिली. दुसऱ्या एका लेखात त्याची तुलना वातापी राक्षस पचवणाऱ्या अगस्ती ऋषीशी केली आहे. अगस्तीची ही कथा तुम्हाला ठाऊकच आहे.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इथे घटकाभर थांबावे. ऐहोळेचा लेख पुलकेशीच्या कवीचा, म्हणून त्यात पुलकेशी मोठा. ताम्रपट पल्लवांचा, म्हणून त्यात पुलकेशीची पाठ. बदामीच्या खडकावर आजही नरसिंहवर्म्याचा, त्याच्या राज्याच्या तेराव्या वर्षाचा लेख आहे. हरलेल्याच्या राजधानीत जिंकणाऱ्याची अक्षरे! मुलांना हे दाखवा आणि विचारायला शिकवा, की बाबा, हा दगड कोरवला कोणी? पुढे बारा-तेरा वर्षांनी, ६५५ च्या सुमारास, पुलकेशीचा मुलगा पहिला विक्रमादित्य याने राज्य परत उभे केले आणि नंतर त्याने कांचीही घेतली. म्हणजे पुन्हा तेच. बापाचे उट्टे मुलाने काढायचे आणि मधल्या वाटेवरच्या गावांनी दोन्ही वेळा पोळून निघायचे.

वातापीहून आता पश्चिमेला, इराणात जाऊ. तबरी नावाच्या अरबी इतिहासकाराने लिहिले आहे, की इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याच्या राज्याच्या छत्तिसाव्या वर्षी हिंदुस्थानच्या एका राजाची पत्रे आणि नजराणे त्याच्या दरबारी आले. तो राजा म्हणजे पुलकेशीच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. खुस्रोचे साम्राज्य त्या वेळी जगातल्या दोन मोठ्या सत्तांपैकी एक होते. दुसरी सत्ता कॉन्स्टँटिनोपलच्या रोमी सम्राटाची. हे दोघे शेजारी ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षे एकमेकांशी लढले. एकाने दुसऱ्याची शहरे घ्यायची, दुसऱ्याने पहिल्याची जाळायची. शेवटी दोघांच्या सरहद्दी जिथल्या तिथे आल्या. मात्र खजिने रिकामे झाले आणि तरणीताठी माणसे मातीत गेली.

बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ तुम्ही पाहिले असतील. वीतभर जमिनीसाठी वीस वर्षे खेटे घालतात, वकिलांची पोटे भरतात, आणि निकाल लागतो तेव्हा दोघांचीही शेते तिसऱ्याच्या नावावर झालेली असतात. इथे तो तिसरा अरबस्तानच्या वाळवंटातून आला. नव्या धर्माने एकवटलेल्या अरबांनी ६३७ च्या सुमारास इराणची राजधानी घेतली. तरी राजा यज्दगर्द जिवंत होता. पूर्वेकडे सरकून त्याने जमेल तेवढे सैन्य गोळा केले. ६४२ मध्ये झाग्रोस पर्वतातल्या नहावंद गावापाशी शेवटची मोठी लढाई झाली. अरबांचा सेनापती नुमान तिथे पडला, पण जय अरबांचाच झाला. त्यांनी या लढाईला 'विजयांचा विजय' असे नाव दिले. चारशे वर्षांचे ससानी साम्राज्य त्यानंतर पुन्हा सावरले नाही. यज्दगर्द गावोगाव पळत राहिला, आणि ६५१ मध्ये दूर मर्वजवळ एका गिरणीत त्याचा खून झाला.

ही गोष्ट परक्यांची वाटते का? मग मुंबईतल्या एखाद्या पारशी गृहस्थांना विचारा. त्यांच्या पंचांगातले साल आजही त्याच यज्दगर्दच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ६३२ पासून, मोजतात. राजा गेला, राज्य गेले. समुद्र ओलांडून पूर्वज संजाणच्या किनाऱ्याला लागले. पण सालाचा आकडा त्यांनी सोबत आणला. अरबही आपल्या किनाऱ्याला अनोळखी नव्हते. ६३६ च्या सुमारास बहरीनच्या सुभेदाराने आपल्या ठाण्यावर एक आरमारी तुकडी पाठवली होती. न विचारता माणसे समुद्रावर घातली म्हणून खलिफा उमर त्याच्यावर रागावला, असे अरबी ग्रंथात नमूद आहे.

आणखी पश्चिमेला इजिप्त. नाईल नदीच्या गाळाचा तो देश, गव्हाचे कोठार. अलेक्झांड्रिया हे तिथले मोठे बंदर जवळजवळ सातशे वर्षे रोमी सत्तेकडे होते. कॉन्स्टँटिनोपलला सम्राट म्हणून बसला होता एक अकरा वर्षांचा मुलगा. ६४१ च्या नोव्हेंबरात अरब सेनापती अम्र याच्याशी तह झाला. रोमी सैन्याने अकरा महिन्यांच्या मुदतीत शहर सोडावे असे ठरले, आणि ६४२ च्या सप्टेंबरात गलबते भरभरून ते निघून गेले. महिनाअखेर अम्र शहरात आला. मोठी लूट नाही, कत्तल नाही. मुदत संपली आणि घर रिकामे करून दिले, असा तो प्रकार. पूर्वी इथला गहू समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. आता अम्रने नाईलपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा जुना, बुजलेला कालवा उपसायला घेतला आणि तोच गहू मदिनेकडे जाऊ लागला. शेतकरी तोच, नांगर तोच; ताट बदलले.

या शहराविषयी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. खलिफाच्या हुकुमावरून अम्रने तिथले प्रसिद्ध ग्रंथालय जाळले आणि सहा महिने हमामखान्याच्या चुली त्या ग्रंथांवर पेटल्या! शिक्षकांनी ही गोष्ट सांगताना जपावे. ती पहिल्यांदा लिहिली गेली त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. ते थोर ग्रंथालय कित्येक शतके आधीच ऱ्हास पावले होते. ग्रंथ आगीने जळतात हे खरे. पण त्याहून जास्त ग्रंथ, नक्कल करणारा कोणी न उरल्यामुळे मरतात.

ग्रंथांवरून पुन्हा आपल्या यात्रेकरूची आठवण झाली. आता पूर्वेकडे वळू. ६४२ मध्ये ह्युएनत्संग महाराष्ट्र सोडून परत नालंदेला आला होता. घरी जायच्या तयारीत होता. इतक्यात कामरूपचा, म्हणजे आसामचा, राजा भास्करवर्मा याने त्याला आग्रहाने बोलावून नेले. हे हर्षवर्धनाला कळले. त्याने निरोप धाडला, चिनी भिक्षूला माझ्याकडे पाठवा. भास्करवर्म्याने उत्तर दिले, डोके देईन, पाहुणा देणार नाही. हर्षाचा लगेच दुसरा निरोप, मग डोकेच पाठवा! भास्करवर्मा समजला. तो स्वतः पाहुण्याला घेऊन हर्षाकडे गेला. मग त्या हिवाळ्यात कनौजला मोठी धर्मसभा भरली. अठरा देशांचे राजे, हजारो भिक्षू आणि पंडित जमले. एका विद्वानासाठी दोन राजांत चढाओढ लागली, हेही त्याच सालात, बरे का!

आता आणखी पूर्वेला, कोरियात. तिथे तेव्हा तीन राज्ये होती आणि तिघांची आपसांत जुंपलेली होती. ६४२ मध्ये पेकचे राज्याने सिल्ला राज्याचे चाळीस किल्ले घेतले. सरहद्दीवरच्या एका मोठ्या किल्ल्यात सिल्लाचा सरदार किम चुनचु याची मुलगी आणि जावई मारले गेले. बातमी ऐकून तो दिवसभर खांबाला टेकून उभा राहिला, समोरून माणूस गेला तरी त्याची पापणी लवली नाही, असे तिथल्या बखरीत लिहिले आहे. सिल्लाच्या गादीवर तेव्हा एक राणी होती, सॉनडॉक. तिची परवानगी घेऊन चुनचु मदत मागायला तिसऱ्या राज्यात, कोगुर्योत गेला. तिथे त्याच साली एका सेनापतीने राजाला आणि शंभरावर सरदारांना मारून नवा राजा बसवला होता. त्या दरबाराने मदत तर दिली नाहीच. उलट, आमचा जुना मुलूख परत करा म्हणून चुनचुलाच कैदेत टाकले.

चुनचुजवळ निळे कापड होते. ते त्याने तिथल्या एका दरबाऱ्याला दिले. दरबारी खाना घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, तुम्ही सशाची आणि कासवाची गोष्ट ऐकली आहे का? ही शर्यतीची गोष्ट नव्हे. समुद्रातल्या नागराजाची मुलगी आजारी पडते. वैद्य सांगतो, सशाचे काळीज मिळाले तर बरी होईल. कासव किनाऱ्यावर जाते, सशाला एका सुंदर बेटाची भूल घालते आणि पाठीवर घेऊन निघते. भर समुद्रात ते खरे काय ते सांगून टाकते. ससा म्हणतो, अरेरे, आधी बोलला असतास तर! मी काळीज धुऊन एका दगडाखाली ठेवून आलो आहे. चल माघारी, घेऊन येऊ. कासव मागे फिरते, किनारा येतो, आणि ससा टुणकन उडी मारून गवतात पसार होतो.

श्रोतेहो, ही गोष्ट तुम्ही ऐकली आहे. आपल्याकडे ससा नसून वानर आहे, कासव नसून मगर आहे, आणि काळीज झाडावर टांगलेले आहे. पंचतंत्रातली, जातकातली ही आपली गोष्ट!

चुनचु हुशार होता. तो काय ते समजला. त्याने राजाला लिहून दिले, मुलूख तुमचाच आहे, घरी जाऊन राणीसाहेबांना तो परत करायला सांगतो. राजाने त्याला सोडले. सरहद्द ओलांडताच तो सोबतच्या माणसांना म्हणाला, ते लिहिले ते जीव वाचवण्यापुरते. हाच चुनचु पुढे ६५४ मध्ये सिल्लाचा राजा झाला आणि त्याच्या वंशाने कोरिया एक केला.

शेवटचा मुक्काम जपान. तिथे ६४२ च्या आरंभी कोग्योकु नावाची सम्राज्ञी गादीवर बसली आणि त्या उन्हाळ्यात पाऊस गेला. गावकऱ्यांनी जनावरे बळी दिली, नदीच्या देवाला साकडे घातले, काही होईना. मोठ्या प्रधानाने भिक्षूंकडून बौद्ध सूत्रांचे पठण करवले. थोडासा शिडकावा झाला, तेवढाच. मग सम्राज्ञी स्वतः नदीच्या उगमापाशी गेली. गुडघे टेकून तिने चारी दिशांना नमस्कार केला आणि आभाळाकडे पाहून प्रार्थना केली. ढग गडगडले आणि पाच दिवस पाऊस पडला, असे जपानची जुनी बखर सांगते. पावसाचे श्रेय कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण आपल्याकडे पाऊस ओढला की पोरे धोंडी काढतात, महादेवाची पिंड पाण्यात बुडवतात. तीच काळजी, आभाळाकडे लागलेले तेच डोळे त्या साली तिकडेही होते. हे कळले की जपान तितकासा दूर राहत नाही.

फेरी संपली. आता हिशेब करू. त्या एका सालात वातापी पडली, इराण पडले, अलेक्झांड्रिया गेले. नहावंदच्या सैनिकाला वातापीचे नाव ठाऊक नव्हते आणि वातापीत जळणाऱ्या घराच्या धन्याला नहावंदचे. प्रत्येकाला वाटले असेल, की जग बुडाले ते आपलेच.

पण मग तरले काय? सशाच्या काळजाची ती गोष्ट आपल्या देशातून बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर चीनकडे गेली आणि कोरियात एका कैद्याचा जीव वाचवून आली. तीच गोष्ट पश्चिमेलाही गेली. सहाव्या शतकात पहिल्या खुस्रोच्या पदरी असलेल्या बुर्झोय वैद्याने पंचतंत्राचे इराणच्या पहलवी भाषेत भाषांतर केले. नहावंदला इराणचे राज्य बुडाले. तरी सुमारे शंभर वर्षांनी, जिंकणाऱ्यांच्याच अरबी भाषेत, इराणी वंशाच्या इब्न अल्-मुकफ्फा याने त्या पोथीचे भाषांतर केले. आपले करटक आणि दमनक तिथे 'कलीला व दिम्ना' झाले आणि पुढे युरोपभर फिरले. पहलवी प्रत आज नाही. नक्कल झाली म्हणून पोथी जगली.

आणि आपला यात्रेकरू? परतीच्या वाटेवर सिंधू नदीत त्याची नाव कलंडली. पन्नास पोथ्या आणि सोबत नेलेले फुलांचे बी वाहून गेले. तो तिथे थांबला, हरवलेल्यांच्या नकला मिळवण्यासाठी माणसे पाठवली, आणि मगच पुढे निघाला. ६४५ मध्ये तो चीनच्या राजधानीत पोचला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. उरलेले आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात घालवले. वातापीच्या बलाढ्य राजाविषयी, मद्य पाजून लढाईत सोडलेल्या त्याच्या हत्तींविषयी, आणि उपकार न विसरणाऱ्या आपल्या माणसांविषयी आज आपण जे वाचतो, त्यातले पुष्कळसे त्या हत्यार न धरणाऱ्या माणसाच्या लेखणीतून आलेले आहे.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेच्या भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी लावा. आठवड्याला एक साल घ्या. त्यावर आपला गाव, आपला देश आणि दूरचे दोन देश यांत त्या साली काय घडले ते मुलांकडून लिहून घ्या. आणि घरोघरच्या आईबापांना, आजी-आजोबांना सांगणे इतकेच, की आज रात्री पोरांना मगरीची आणि वानराची गोष्ट सांगा. सांगताना शेवटी एवढे जोडा, की बाळांनो, हीच गोष्ट ऐकून एकदा कोरियातला एक माणूस तुरुंगातून सुटला होता. ते साल होते ६४२.